तावाचं ध्यान

'क्रोध छोड़िए, भीतर की ऊर्जा जगाइए' असं त्या फलकावर लिहिलंय. खाली यिन योग, चीगाँग, ताओ ध्यान अशी तीन नावं, आणि पांढऱ्या कपड्यातली एक बाई डोळे मिटून हसतेय. ज्या उंच इमारतीच्या फाटकावर हा फलक लावलाय, तिथं आधी आमची मिल होती. त्या फाटकाच्या आत, सूतखात्याच्या भिंतीला टेकून, माणसं वाकून वाकून खोकायची. सांवेर रोडच्या कारखान्यात कामाला जाताना रिक्षातून मी रोज तो फलक बघते. रोज मला इंगळेदादा आठवतात, आणि राग सुटत नाही, येतो.

तुळशीराम इंगळे. पण तुळशीराम त्यांना कुणीच म्हणत नसे. तोंडावर इंगळेदादा आणि माघारी 'तावाचं ध्यान'. हे नाव एका अर्थी त्यांनीच स्वतःला दिलेलं. मिलच्या तालमीमागच्या मैदानात ते रोज सकाळी जे शिकवायचे, त्याला ते 'तावाचं ध्यान' म्हणायचे. आणि ते स्वतः दिसायला एक ध्यानच होते. काटकुळे, भुवयांवर कायम कापसाची पांढरी तुसं, एका कानाची पाळी अर्धी झडलेली, आणि मे महिन्यातसुद्धा अंगात तपकिरी स्वेटर. इंदूरच्या उन्हात डांबर वितळायचं, पण दादांचा स्वेटर उतरायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिकडची थंडी अजून हाडात आहे. बाहेर निघून नाही राहिली."

तिकडची म्हणजे चीनची. महूच्या फौजी घराण्यातला माणूस. चीनच्या लढाईत डोंगरावर पकडले गेले आणि काही महिने त्यांच्या कैदेत राहिले. परत आले ते अर्धा कान गमावून आणि एक विद्या घेऊन. फौज सुटल्यावर मिलमध्ये लागले. तालमीतले पहिलवान दंड-बैठका मारायचे आणि हा माणूस मागच्या मैदानात दोन्ही हातांत न दिसणारी घागर धरल्यासारखा गुडघे जरा वाकवून नुसता उभा. पहिलवान ओरडायचे, "क्या दादा, बस का इंतज़ार है क्या?" दादा डोळे न उघडता अशी शिवी हासडायचे की आखाड्यात हशा पिकायचा.

शांती शिकवणारा इतका तापट माणूस मी दुसरा पाहिला नाही. नळावर भांडायचे, रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायचे. घरात बुद्धाची तसबीर होती, तिच्याशीसुद्धा वाद घालायचे. एकदा मी डाळीची वाटी द्यायला गेले तर तसबिरीसमोर उभे राहून म्हणत होते, "तुम्ही बसलात बुवा झाडाखाली. आम्हाला फर्स्ट शिफ्ट आहे."

माणसांना ते नावानं हाक मारायचे नाहीत, गावानं मारायचे. मिलच्या चाळीत आमच्या ओळीत अकोला होता, भुसावळ होता, देवास होता. मी लग्न करून आले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?" म्हटलं, रत्नागिरीकडची. तेव्हापासून मी 'रत्नागिरी'. आमचे हे इंदुरातच जन्मलेले, म्हणून त्यांना तेवढं आडनावानं, 'धाकटे'. सातवीत शाळा सुटलेली, समुद्र सोडून कधी काही न पाहिलेली मुलगी, आणि इथं चहूकडे कोरडी जमीन. नवऱ्याशी मराठी बोलायचं तर तेही अर्धं हिंदी. दुपारी भोंगा झाला की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे. सासूबाई म्हणायच्या, नजर लागली. खजरान्याच्या गणपतीला नारळ झाला, दोरा झाला. धडधड काही जाईना.

एकदा अशीच ओट्यावर छाती धरून बसले होते. दादा शिफ्टवरून येत होते. थांबले आणि ओरडले, "काय झालं? मेलीस का?"

मी घाबरून म्हटलं, "नाही दादा, जीव घाबरा होतोय."

"मग चांगलंय की! जीव आहे म्हणून घाबरतोय. मढ्याचा घाबरतो का? उद्या सकाळी मैदानात ये. आणि तुझ्या नवऱ्याला, त्या धाकट्याला पण आण. तो शिटीसारखा वाजतो झोपेत, भिंतीपलीकडून ऐकू येतं मला."

बाईमाणसानं मैदानात जायचं म्हणजे बोभाटाच. पण मी गेले, कारण धडधडीची भीती बोभाट्यापेक्षा मोठी होती. माझ्या मागोमाग समोरच्या घरातली शांताबाई आली, 'बघू तरी काय करतात' म्हणून. ती शेवटपर्यंत टिकली.

तिथं तीन गोष्टी असायच्या. पहिली, मुरणं. जमिनीवर पालथं पडून किंवा बसून पायांचे तळवे जुळवून पुढं ओणवं होऊन तसंच राहायचं. ताणायचं नाही, नेट लावायचा नाही. "लोणचं आहात तुम्ही," दादा सांगायचे, "बरणी हलवू नका." दुसरी, ते घागर धरून उभं राहणं आणि मग पाण्यातून हात फिरवल्यासारखं हळू हळू हात वर-खाली नेणं, श्वासाबरोबर. आणि तिसरी, बसून आत बघणं. बेंबीखाली चार बोटांवर एक जागा आहे, तिथं मन नेऊन ठेवायचं. त्या जागेला दादा 'बॉयलर' म्हणायचे.

"ताव तिथं ठेवायचा," ते सांगायचे. "डोक्यात चढला की माणूस शिव्या देतो. हातात उतरला की बायकोला मारतो. बॉयलरमध्ये राहिला तर सगळी मिल चालते."

शांताबाई पटकन म्हणाली, "दादा, तुमचा तर डोक्यातच असतो की कायम."

"माझा व्हॉल्व्ह खराब आहे! मी शिकवतो ते करा. मी करतो ते करू नका."

मला म्हणाले, "रत्नागिरी, तुझी धडधड पण तावच आहे. फक्त पळून चाललाय. त्याला म्हण, बस खाली." मी म्हणायला लागले. एकदम काही झालं नाही. पण पावसाळा संपेतो असं झालं की भोंगा व्हायचा आणि माझे हात ऊनच राहायचे. आजही कारखान्यात सुपरवायझर अंगावर ओरडला की मी मन खाली नेऊन ठेवते आणि मशीनवरची शिलाई वाकडी होऊ देत नाही. हे मला त्या माणसानं दिलं, शिव्या देत देत दिलं.

'ताव' हा शब्द कुठून आला ते त्यांनी एकदा सांगितलं. कैदेत एक चिनी आचारी होता, म्हातारा. पहाटे बर्फात उभा राहून हात फिरवायचा. दादांचा कान तेव्हा काळा पडला होता, बोटंही जायच्या बेतात होती. आचाऱ्यानं त्यांना धरून आपल्या शेजारी उभं केलं. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. तो पाय सरकवून द्यायचा, खांदा दाबून खाली आणायचा, चुकलं की पळीनं टोला द्यायचा. काही दिवसांनी दादांच्या बोटांत ऊब आली. त्यांनी खुणेनं विचारलं, हे काय आहे? म्हातारा म्हणाला, ताओ.

"मी म्हटलं, च्यायला, याला मराठी येतं!" दादा हसून सांगायचे. "बोटांत ताव आला आणि हा म्हणतो ताव. बरोबरच आहे!"

आम्हालाही बरोबरच वाटायचं. ताव म्हणजे ताव. लोखंडाला देतात तो, माणसाला येतो तो.

या ध्यानाची खरी गरज होती ती सूतखात्याला. सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून खात्याच्या खिडक्या बंद ठेवायचे, पाण्याचा फवारा चालायचा, आणि त्या दमट हवेत रुईची धूळ तरंगत राहायची. आमचे हे आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळायची. दादा जेवणाच्या सुट्टीत अशा लोकांना मिलच्या अंगणात ओळीनं उभं करायचे. हात वर, श्वास आत, सावकाश. एकदा साहेब जाता जाता थांबले आणि म्हणाले, "इंगळे, ये क्या नाटक है?"

दादा म्हणाले, "साहेब, सूत तुटू नये म्हणून खिडकी बंद. माणूस तुटला तर काय बंद करणार?"

साहेबांना मराठी कळत होतं. दादांना पंधरवडा घरी बसवलं. ते रोज फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन उभे राहायचे आणि आतले लोक आत उभे राहायचे. मध्ये लोखंडी फाटक. बाहेरून दादा ओरडायचे, "अकोला, खांदे खाली! तुझ्या बापाचं ओझं आहे का वर?"

मग ते दिवस आले. देशाची दारं उघडली म्हणे. पेपरात रोज नवं धोरण, नव्या गाड्या, नवं नवं. आमची दारं मात्र लागत गेली. आधी रात्रपाळी बंद, मग एक खातं, मग दुसरं. एका सकाळी भोंगा झालाच नाही. लाईनीतले सगळे ओट्यावर उभे राहून कान देत होते, आणि गल्लीतला कोंबडा तेवढा आरवला. लोक फाटकावर जाऊन बसले. म्हणाले, मिल चालवा. आतून उत्तर आलं, मिल चालणार नाही, ज्यांना जायचं त्यांनी स्वेच्छेने जावं. स्वेच्छानिवृत्ती.

हा शब्द दादांच्या घशात अडकला तो अडकलाच. "स्व-इच्छा!" ते फाटकावर फेऱ्या मारत म्हणायचे. "माझी इच्छा माझ्या पोटात आहे, यांना कशी दिसली? काढून टाका म्हणावं मला. हाकलून द्या. पण हाकलताय, तर हाकललं असं लिहा ना!" मिल वाचणार नाही हे त्यांना इतरांच्या आधी कळलं होतं, असं मला आता वाटतं. त्यांची लढाई तेवढ्या एका शब्दाची उरली होती. आम्ही आपणहून गेलो नाही, हे कुठंतरी लिहिलं गेलं पाहिजे.

त्याच सुमाराला मिलच्या लेबर ऑफिसरनं त्यांना बोलावलं. फार गोड बोलला. म्हणाला, कामगारांसाठी शिबिर ठेवतोय, तुम्ही ते श्वासाचं शिकवता ना, तुमचं सगळे ऐकतात. दादांचा चेहराच उजळला म्हणे. विचारलं, "खोकणाऱ्यांसाठी?"

"नहीं, टेंशन के लिए. मन शांत रहेगा तो काग़ज़ पर दस्तख़त करना आसान हो जाता है."

दादा नाही म्हणून परत आले ते थेट मैदानात जाऊन घागर धरून उभे राहिले.

शिबिर झालंच. बाहेरून एक सर आणले होते. मिलच्या हॉलमध्ये कुलर लावले, गाद्या घातल्या, कचोरी ठेवली. आम्ही सगळे गेलो, दादाही गेले. सर गोरेगोमटे, आवाज सायीसारखा. त्यांनी सांगितलेली आसनं पाहून आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. हे तर आमचं मुरणं! ही तर आमची घागर! दादा ताठ बसून टक लावून बघत होते.

सर म्हणाले, "आपके भीतर एक शक्ति है. उसका नाम है ची."

मागून शांताबाईनं विचारलं, "कोणाची?"

हॉल फुटला. सरांना कळेना. "जी?"

"अहो, ची ची करताय, कोणाची ते तर बोला! मिलची का मालकाची?"

सर हसले, आपल्याला विनोद कळल्यासारखे. पुढे म्हणाले, "और इस शक्ति को चलाता है ताओ. ताओ यानी मार्ग. पानी की तरह बहिए. नदी पत्थर से लड़ती नहीं, बग़ल से निकल जाती है. जो बंद हो गया, उसे छोड़कर आगे बहिए."

दादा उभे राहिले. "ताओ मतलब क्या बोले?"

"मार्ग, दादाजी. रास्ता."

"ताव नहीं? ताव. गरमी. गुस्सा."

सर प्रेमानं म्हणाले, "नहीं दादाजी, बिल्कुल उल्टा."

आणि हॉल परत हसला. या वेळी दादांवर. आमचेच लोक, ज्यांचे खांदे त्यांनी स्वतःच्या हातांनी खाली दाबले होते, ते हसले. कुणीतरी म्हणालं, "लो भिया, बीस साल से उल्टा सिखा रहे थे!" दादांचा तो अर्धा कान लालबुंद झाला. मला वाटलं आता शिवी येणार. आली नाही.

"रास्ता," ते सावकाश म्हणाले. "ठीक है. गेट के अंदर का कि बाहर का?"

"मन का रास्ता है, दादाजी."

"तो आपके मन का रास्ता हर बार गेट के बाहर ही क्यों जाता है?"

कुणी हसलं नाही. ऑफिसर म्हणाला, "बैठ जाओ, इंगळे."

"बसतो. फाटकावर बसतो," दादा म्हणाले आणि चालू लागले. थोडे उठून त्यांच्या मागे गेले. बाकीचे गादीवर बसून राहिले, डोळे मिटून, पाण्यासारखे.

दुसऱ्या दिवशी दादा मैदानात आले नाहीत. मी घरी गेले. स्वेटर घालून भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "रत्नागिरी, तो म्हातारा मार्गच म्हणाला असेल गं. मीच ताव ऐकला."

मी म्हटलं, "दादा, पण माझी धडधड गेली."

दादा मग एकदम वळून ओरडले, माझ्यावर नाही, त्या सरांवर, मिलवर, सगळ्यांवर. "बर्फात बोटं काळी पडली होती माझी! त्यानं शिकवलं आणि बोटांत ताव आला. मार्ग नाही आला! मार्ग आला असता तर कैदेतून घरी नसतो गेलो? उद्यापासून या सगळे. ज्याला रस्ता पाहिजे त्याला म्हणावं, हॉलमध्ये जा!"

पण सह्या व्हायला लागल्या. रोज चार घरं, रोज सहा घरं. दादा दारोदार जायचे. सही करू नका असं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, सही करा, पण खाली एक ओळ लिहा, 'माझी इच्छा नाही'. लोक मान हलवायचे आणि लिहायचे नाहीत, कारण तसा कागद घेत नव्हते. आमच्या यांनीही सही केली. छाती इतकी गेली होती की फाटकापर्यंत चालवत नव्हतं. संध्याकाळी दादा दारात येऊन उभे.

"धाकटे. स्वेच्छेने?"

"दादा, घरात पोरं आहेत..."

"ते नाही विचारलं. स्वेच्छेने का?"

आमचे हे भिंतीला धरून उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, "नाही! नाही! नाही!" आणि मग खोकल्याची उबळ आली ती थांबेना. दादांनी आत येऊन त्यांना पालथं निजवलं, पाठीवर हात ठेवला आणि उबळ बसेपर्यंत ठेवला. जाताना मला म्हणाले, "ऐकलंस ना? तू साक्षी आहेस." आमचे हे त्यानंतर दोन पावसाळे काढून गेले. कुठल्याही कागदावर धुळीचं नाव नाही.

शेवटी सही न केलेले दादा आणि मूठभर माणसं उरली. दादा पुढे पुतण्याकडे अकोल्याला गेले आणि तिकडेच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मशिनं हलवली त्या दिवशी.

भर दुपार होती. सूतखात्याची मशिनं भंगारात निघाली होती, ट्रक भरून फाटकाशी आला. दादा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गुडघे जरा वाकलेले, हातांत ती न दिसणारी घागर. ट्रकवाला भोंपू वाजवतोय, दादा हलत नाहीत. मी आणि शांताबाई जाऊन त्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. पोलिसांची गाडी आली. दोन शिपायांनी दादांना दोन्ही बगलांत धरून उचललं. मला वाटलं होतं त्यांना उचलता येणार नाही. सहज उचललं. त्या स्वेटरच्या आत माणूस राहिलाच नव्हता फारसा. आम्हालाही गाडीत बसवलं. मागे ट्रक बाहेर पडला, त्याचा आवाज आम्ही गाडीत बसून ऐकला.

दादा खूश दिसत होते. शांताबाईला म्हणाले, "आता ठाण्यात लिहावं लागेल. उचलून नेलं, असं लिहावं लागेल त्यांना."

गाडी ठाण्यात गेलीच नाही. खजरान्याच्या चौकात थांबली. शिपायानं दार उघडलं. "चलो, उतरो. घर जाओ."

"थाना?" दादांनी विचारलं.

"कैसा थाना, दादा? दर्शन कर लो, वो रहा मंदिर. धूप में मत घूमो इस उमर में."

"नाम तो लिखो."

"किसका नाम?"

"मेरा! तुळशीराम इंगळे. लिखो कि इसको उठाना पड़ा. लिखो कि ये ख़ुद नहीं गया!"

शिपाई हसून पुढे चढला आणि गाडी सुटली. दादा तिच्या मागे धावले. हारवाले, नारळवाले बघायला लागले. स्वेटर घातलेला म्हातारा भर उन्हात पोलिसांच्या गाडीमागे धावतोय आणि ओरडतोय, "अरे लिखो! तुळशीराम इंगळे! सूतखाता! लिहून घ्या रे, नाव तरी लिहून घ्या!" गाडी वळून दिसेनाशी झाली. तरी ते धावतच होते, आणि नाव सांगतच होते.